आणखी कोणाचे देणे आहे?

"वकील कोल्हापूरचासुद्धा नको, आक्का. पुण्याचा बघ," असे माझ्या धाकट्या भावाने मला फोनवर सांगितले, तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती धास्ती होती. इचलकरंजीत त्याचे बारा यंत्रमाग होते. आमचे घर वडिलांपासून खर्चीवाल्यांचे. व्यापाऱ्याने सुताची बिमे द्यायची आणि आम्ही मजुरीवर कापड विणून द्यायचे, असा तो धंदा. भावाने मात्र स्वतःचे सूत उधारीवर घेऊन स्वतःचे कापड काढायला सुरुवात केली, दोन वर्षे बरी गेली, आणि मग ज्या परगावच्या व्यापाऱ्याकडे त्याचा जवळजवळ सगळा माल जात होता त्याने पैसे देणेच थांबवले. फोन आला त्या दिवशी बँक, एक पतसंस्था, सूतवाले, सुताला खळ देणारे सायझिंगवाले आणि हातउसने देणारे अशा सगळ्यांचे मिळून देणे अडतीस लाखांच्या घरात गेले होते. सूतवाल्यांनी दिवाणी दावा जिंकून हुकूमनामा मिळवला होता आणि वसुलीची दरखास्त लावली होती, पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुलीचा दाखला काढला होता, आणि दोन धनादेश न वटल्याच्या नोटिसा घरात येऊन पडल्या होत्या.

मी तीस वर्षे शाळेत शिकवले. इचलकरंजी आणि जयसिंगपूरच्या कोर्टांत आज काळा कोट घालून फिरणाऱ्यांपैकी काहींना मी बाराखडी गिरवायला लावली आहे. भावाला नेमके तेच नको होते. आपल्या नावाचा पुकारा ज्या आवारात होणार, तिथल्या चहाच्या टपरीवर आपल्याला ओळखणारे कोणी नसावे, एवढीच त्याची मागणी होती, आणि ती मला कळत होती. दिवाळे हा शब्दच मुळी दिव्यावरून आला, व्यापाऱ्याने भर दिवसा दुकानात दिवा लावला की पेढी बुडाल्याचे गावाने समजायचे, असे जुनी माणसे सांगत. गावाला कळणे हाच त्या प्रथेचा अर्थ होता.

म्हणून नादारीच्या, म्हणजे देणे फेडणे शक्य नाही असे न्यायालयाकडून ठरवून घेण्याच्या, कामासाठी मी खरोखरच आधी लांबचा वकील शोधला. ओळखीतून एका मोठ्या शहरातील वकिलांची भेट ठरली. ते विद्वान होते आणि बोलणे अदबीचे होते, पण ते सारा वेळ २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेविषयी आणि कंपनी न्यायाधिकरणाविषयीच बोलत राहिले. परतीच्या एसटीत मी माझी टिपणे पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आले की भावाची कंपनी नव्हती, भागीदारीही नव्हती. तो एकट्याच्या नावावर धंदा करणारा माणूस होता. ही गोष्ट मला पुढे नीट समजली आणि ती समजायला दोन महिने लागले, म्हणून इथे सविस्तर लिहिते. त्या संहितेत व्यक्तींच्या नादारीचा एक संपूर्ण भाग आहे, परंतु तो सर्वसाधारण माणसांसाठी अजून अंमलात आणलेला नाही; १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो केवळ कर्जबाजारी कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकीच्यांसाठी आजही इंग्रजांच्या काळातलेच कायदे चालतात. मुंबई शहरासाठी १९०९ चा इलाखा शहर नादारी कायदा, ज्याचे काम उच्च न्यायालयात चालते, आणि मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, ज्याचे काम जिल्हा न्यायालयात किंवा शासनाने अधिकार दिलेल्या दुय्यम न्यायालयात चालते. किती जुना कायदा आहे हे एका आकड्यावरून कळते: कर्जदाराला अर्ज करण्यासाठी जी किमान देण्याची अट आहे, ती ५०० रुपयांची आहे.

आणि याच कायद्याच्या अकराव्या कलमात भावाच्या मागणीचे उत्तर होते. कर्जदार जिथे राहतो, किंवा जिथे धंदा करतो, किंवा जिथे पोटासाठी काम करतो, तिथल्याच न्यायालयात अर्ज करावा लागतो. म्हणजे वकील पुण्याचा आणला असता तरी पुकारा इचलकरंजीच्याच परिसरात होणार होता. त्यातून अर्ज दाखल करून घेतल्यावर सुनावणीची नोटीस राजपत्रात छापली जाते, आणि न्यायालय सांगेल त्या इतर मार्गांनीही ती जाहीर केली जाते. लपून राहण्याची सोय या कायद्यात नाही. मी हे भावाला सांगितले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग गावातलाच बघ."

बघ म्हणणे सोपे होते. आपल्याकडे वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई आहे. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद आणि कामाचे क्षेत्र एवढी मोजकी माहिती देता येते, पण आमच्या तालुक्यातले जुने वकील त्या वाटेला जात नाहीत. त्यामुळे पाटी पाहून कळते ते एवढेच की आत वकील आहेत. ते नादारीचे काम करतात की नाही, हे तोंडी विचारूनच कळते, आणि हा प्रश्न तोंडी विचारणे हाच तर सगळा अडसर असतो. ही पोकळी भरून काढणारी माणसे मग आपोआप भेटतात. एकाने कर्जमुक्ती करून देतो म्हणून भावाकडे दरमहा हप्ता मागितला, कोणाचेही फोन उचलू नका आणि कोणालाही पैसे देऊ नका असे बजावले, आणि सनद कुठली असे मी विचारताच तो वकील नसून सल्लागार असल्याचे निघाले. एका वकिलांनी जेवढे देणे कमी करून देईन त्याच्या इतके टक्के, असा हिशेब मांडला. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला वकिलांना नियमानेच बंदी आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तरीही तिथून उठावेसे वाटले आणि आम्ही उठलो.

अखेर उपयोगी पडले ते दोन मार्ग. पहिला माझ्या भाच्याने काढला. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कोणत्याही न्यायालयातील प्रकरणे त्यांच्या प्रकारानुसार पाहता येतात, तशीच वकिलाच्या नावावरूनही पाहता येतात. त्याने आमच्या आणि शेजारच्या न्यायालयांतील नादारीचे अर्ज शोधले. ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, पण प्रत्येकात कोणी वकीलपत्र दाखल केले होते, किती तारखा पडल्या आणि अखेर काय झाले, हे दिसत होते. दुसरा मार्ग म्हणजे आमच्या गल्लीत राहणारे, कोर्टाच्या कार्यालयातले एक निवृत्त शिरस्तेदार. त्यांना मी चार नावे वाचून दाखवली. त्यांनी कोणाविषयी वाईट बोलणे टाळले, फक्त एका नावावर थांबून म्हणाले, "या बाईंची यादी कधी परत यायची नाही." म्हणजे काय, असे विचारल्यावर त्यांनी समजावले की अर्जासोबत सगळ्या देणेकऱ्यांची, म्हणजे ज्यांचे देणे आहे त्यांची, नावे, पत्ते, रकमा आणि कर्जदाराच्या मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो, त्यात उणेपणा राहिला की अर्ज रेंगाळतो, आणि या वकिलांच्या याद्यांत कार्यालयाला त्रुटी सापडत नसे. एका वकिलाविषयी याहून मोलाची शिफारस मी अजून ऐकलेली नाही.

त्याआधी आम्ही आणखी दोघांकडे गेलो होतो आणि दोघांनीही काम नाकारले. एक त्या पतसंस्थेच्या पॅनेलवर होते, दुसऱ्यांकडे बँकेची वसुलीची कामे होती. लहान गावातली ही अडचण खरी आहे: दिवाणी काम जाणणारा जवळजवळ प्रत्येक चांगला वकील कुठल्या ना कुठल्या बँकेशी बांधलेला असतो. त्या दोघांनी आमची फाइल उघडण्याआधीच हे सांगितले, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदरच आहे. तेव्हापासून मी पहिला प्रश्न हाच विचारू लागले की या देणेकऱ्यांपैकी आपले कोणी पक्षकार आहेत का, आणि कागदपत्रे त्यानंतरच पिशवीतून बाहेर काढू लागले.

वकीलबाईंचे कार्यालय एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर होते. भावाने नोटिसांची फाइल पुढे सरकवली, ती त्यांनी बाजूला ठेवली आणि कोरा कागद त्याच्यासमोर ठेवला. "वाचायला मला वेळ आहे. आधी तुम्ही आठवून लिहा, कोणाकोणाचे देणे आहे." त्याने बँक लिहिली, पतसंस्था लिहिली, सूतवाले, सायझिंग, वीजबिल. त्या म्हणाल्या, "आणखी?" त्याने दोन मित्र लिहिले. "आणखी?" भिशी. "आणखी कोणाचे देणे आहे?" असे त्यांनी चौथ्यांदा विचारले तेव्हा तो म्हणाला, एवढेच. त्यांनी मान हलवली, पण कागद त्याच्यासमोरच राहू दिला.

मग त्यांनी जे विचारले आणि सांगितले त्यातले बरेचसे आम्हाला अप्रिय होते. भावाने फोनवर कुठेतरी वाचले होते की अर्ज केला की त्याच दिवशी सगळी वसुली थांबते. ती तरतूद अमेरिकेतली आहे, असे त्या म्हणाल्या. आपल्याकडे नादार ठरवल्याचा हुकूम झाल्यावर देणेकऱ्यांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय दावे करता येत नाहीत, आणि तोवर अटकेपासून किंवा जप्तीपासून संरक्षण हवे असेल तर ते वेगळे मागावे लागते. बँकेकडे जे माग तारण आहेत त्यांवरचा बँकेचा हक्क या अर्जाने हलत नाही. धनादेशाच्या प्रकरणांचे स्वरूप फौजदारी आहे, ती नादारीच्या अर्जाने आपोआप मिटणार नाहीत, आणि नोटीस मिळाल्यापासूनचे पंधरा दिवस त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. नादारीचा हुकूम मिळाला म्हणजे काम संपले, असेही नाही. न्यायालय देण्यातून मुक्ततेचा अर्ज करण्यासाठी मुदत घालून देते, ती चुकवली तर तो हुकूमच रद्द होतो. आणि एकदा दाखल केलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीविना मागेही घेता येत नाही.

तुरुंगाची भीती भावाच्या मनात सगळ्यांत खोल होती. सूतवाल्यांच्या माणसाने ती घातलेली होती. वकीलबाईंनी ती भीती हसण्यावारी नेली नाही. पाच हजारांवरच्या हुकूमनाम्यासाठी तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते हे त्यांनी आधी सांगितले, आणि मग हेही सांगितले की केवळ पैसे नाहीत म्हणून कोणाला कैदेत टाकता येत नाही, देण्याची ऐपत असून बुद्ध्या टाळाटाळ केल्याचे दिसावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. जप्तीत काय जात नाही, याचीही त्यांनी यादी दिली: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या चालीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असा दागिना. दाराशी उभ्या असलेल्या भावजयीचा हात तेव्हा मंगळसूत्राकडे गेला, आणि गेले कित्येक महिने ती कशाला घाबरत होती ते मला त्या क्षणी कळले.

याच दख्खनच्या पट्ट्यात १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून कर्जदार शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, आणि त्यानंतर आलेल्या १८७९ च्या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करणे बंद केले. त्या कायद्यात शेतकऱ्यांच्या नादारीचे स्वतंत्र प्रकरणही होते. हा इतिहास मी वर्गात शिकवलेला. भावजयीचा तो हात पाहीपर्यंत त्याचा माझ्या घराशी काही संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

पुढचा प्रश्न मालमत्तेचा होता. हितचिंतकांच्या सांगण्यावरून भावाने आठ महिन्यांपूर्वी दोन गुंठ्यांचा एक प्लॉट बक्षीसपत्राने भावजयीच्या नावावर केला होता. अर्जाआधीच्या दोन वर्षांतले असे मोबदल्याविना केलेले हस्तांतर न्यायालय रद्द करू शकते, हे त्यांनी सांगितले. गेल्याच महिन्यात त्याने मेव्हण्याचे दीड लाख मात्र पुरते फेडले होते. एकालाच झुकते माप देण्यासाठी अर्जाआधीच्या तीन महिन्यांत केलेली अशी फेडही उलटवता येते. "हे दोन्ही मी अर्जात लिहिणार," त्या म्हणाल्या. "लपवलेले त्यांच्या वकिलांनी काढले, तर तुमचे खरेही कोणी खरे मानणार नाही." भाऊ म्हणाला, "मग फायदा काय?" त्या म्हणाल्या, "हेच विचारायला तुम्ही आला आहात. आज उत्तर देणार नाही."

आणि मग त्यांनी विचारले की पतसंस्थेच्या कर्जाला जामीन कोण आहे. भावाने माझ्याकडे पाहिले. सही मी केली होती, शाळेतून निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी, स्टाफरूममध्ये, न वाचता. वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. कर्जदाराला न्यायालयाने मुक्त केले तरी त्याचा जामीनदार त्या मुक्ततेने सुटत नाही, असे कायद्याचे चव्वेचाळिसावे कलम सांगते. म्हणजे माझा भाऊ या दारातून जितका मोकळा होऊन बाहेर पडला असता, तितकी ती पतसंस्था माझ्या दाराकडे वळली असती. "बाई, तुमचे आणि यांचे हित इथे एक नाही. मी यांचे काम घेतले तर तुम्हाला सल्ला देणार नाही. तुम्ही दुसरा वकील बघा, आणि तो बघेपर्यंत इथे कशावरही सही करू नका." मी त्यांच्याकडे भावाला घेऊन आले होते, त्यांची फी मीच देणार होते, हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी मला त्यांच्या पक्षकाराच्या खुर्चीवरून उठवले. वकील सापडला, असे मला त्या वेळी वाटले.

फी त्यांनी तीन टप्प्यांत सांगितली: अर्ज, हुकूम आणि मुक्तता, राजपत्राचा आणि वर्तमानपत्राचा खर्च वेगळा, पावतीवर. आठ दिवसांनी त्यांचे उत्तर आले. पतसंस्थेशी हप्त्यांची तडजोड आधी करून पाहावी, कारण तिथे माझी सही आहे. धनादेशांचे पैसे मुदतीत भरावेत. प्लॉट परत भावाच्या नावावर घ्यावा. आणि मग, सूतवाल्यांची दरखास्त पाहता, नादारीचा अर्ज करावा. मला पतसंस्थेसाठी दुसरे वकील मिळाले, जयसिंगपूरचे, माझेच विद्यार्थी. मी त्यांच्यासमोर बसले तेव्हा मला लाज वाटली नाही असे म्हणणार नाही, पण त्यांनी मला पाणी दिले, कर्जाचे कागद मागितले, आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.

अर्जावर सही करायच्या आदल्या संध्याकाळी भाऊ वकीलबाईंच्या कार्यालयात एकटाच गेला. यादी टंकलिखित होऊन तयार होती. त्याने आणखी एक नाव सांगितले. आमच्याकडे एकोणीस वर्षे कांड्या भरणाऱ्या बाईंनी मुलीच्या लग्नासाठी साठवलेले बहात्तर हजार रुपये, बँकेत जायला नको म्हणून, त्याच्याकडे ठेवायला दिले होते. त्याची कुठे चिठ्ठी नव्हती, साक्षीदार नव्हता. त्याने ते नाव लिहिले नसते तर कोणालाही कळले नसते, आणि त्यांच्या वाट्याला काहीच आले नसते. लिहिल्यामुळे बाकीच्यांबरोबर प्रमाणात जे काय येईल ते येणार होते. वकीलबाईंनी शेवटचे पान पुन्हा टंकलिखित करून घेतले. त्यांनी त्याला एवढेच विचारले की त्या बाईंना हे कोण सांगणार आहे, कारण न्यायालयाची नोटीस त्यांच्या पत्त्यावर जाईल आणि त्यांना वाचता येते की नाही हे वकीलबाईंकडे लिहिलेले नव्हते.

रात्री नऊच्या सुमारास भाऊ आणि भावजय दोघे चालत त्यांच्या घरी गेले. मी घरीच थांबले होते. परत यायला त्यांना साडेअकरा वाजले. भावजयीने आल्या आल्या माझ्यासमोर स्टीलचा डबा ठेवला. बाईंनी जेवल्याशिवाय सोडले नाही, आणि आक्कांनाही न्या म्हणून भाकरी आणि पिठले बांधून दिले होते.